गोडी भरपूर, चव कुठे?

अमृतमहोत्सव, सहस्रचंद्रदर्शन, विवाहाचा सुवर्णमहोत्सव अशा घरगुती मंगलप्रसंगी आता औक्षणाच्या तबकाशेजारी सजवलेला केकही मानाने येऊन बसू लागला आहे. कोल्हापूरसारख्या हौशी शहरात त्याच्या सजावटीला तर सीमाच नाही. उमेदीच्या वयात तालमीत घुमलेल्या आजोबांच्या केकवर तांबड्या मातीचा आखाडा आणि गदा येते, आजींच्या केकवर कोल्हापुरी साज येतो, कुणाच्या केकवर कोल्हापुरी वहाणांचा जोड आपल्या वेण्या आणि गोंड्यांसह हुबेहूब साकारतो. ही सारी किमया ‘फॉन्डंट’ या साखरेच्या कणकेची. तिची पोळी लाटता येते, ती केकवर चादरीसारखी पसरता येते आणि मातीसारखी हवी तशी घडवताही येते.

मात्र जेवणावळ आटोपल्यावर ताटल्या गोळा करताना या कणकेची दुसरी बाजू दिसते. केक संपलेला असतो आणि रंगीत साखरेचे जाड पापुद्रे ताटलीच्या कडेला तसेच पडलेले असतात. मुले ते काढून टाकतात, मोठी माणसे बाजूला सारतात. ज्यांच्यासाठी हा सारा घाट घातला, त्या सत्कारमूर्तींना मात्र तशी सवलत नसते. मुलगा भरवतो, सून भरवते, नातवंडे भरवतात, आणि प्रत्येकाचा मान राखण्यासाठी ते तो चिवट, नुसता गोड घास निमूटपणे गिळत राहतात. मधुमेह, कवळी, कोरडे पडणारे तोंड, गिळताना लागणारा ठसका यांपैकी काही असेल, तर हा मान त्यांना महागात पडू शकतो.

म्हणून फॉन्डंटची चव सुधारणे हा केवळ हौसेचा विषय नाही. ज्येष्ठांच्या घरात तो आरोग्याचा आणि आपुलकीचाही विषय आहे. त्यासाठी फार मोठी खटपट लागत नाही. फॉन्डंटमध्ये नेमके काय कमी असते आणि वय झालेल्या जिभेला नेमके काय हवे असते, एवढे समजून घेतले म्हणजे पुढचा मार्ग आपोआप दिसू लागतो.

फॉन्डंट म्हणजे काय?

‘फॉन्डंट’ या फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘विरघळणारे’ असा आहे. मूळचा फॉन्डंट म्हणजे साखरेचा पाक ११२ ते ११६ अंश सेल्सिअसपर्यंत आटवून, तो निवत आल्यावर घोटून केलेला पांढराशुभ्र, मऊ गोळा. चॉकलेटच्या आत आढळणारे मऊ सारण बऱ्याचदा याच जातीचे असते. केकवर पसरण्याचा लाटीव फॉन्डंट याहून वेगळा. त्यात मुख्यतः अतिशय बारीक दळलेली आयसिंग शुगर असते. कणीक लवचिक राहावी म्हणून लिक्विड ग्लुकोज, ओलावा टिकावा म्हणून ग्लिसरीन, ताण सहन व्हावा म्हणून जिलेटिन किंवा एखादा वनस्पतिजन्य डिंक आणि थोडे वनस्पती तूप एवढेच काय ते त्यात पडते.

या यादीतील प्रत्येक जिन्नस कणकेला आकार, लवचिकपणा किंवा टिकाऊपणा देण्यासाठी आला आहे. सुगंधासाठी आलेला त्यात एकही नाही. कारखान्यात फार तर व्हॅनिलाचा थोडासा कृत्रिम वास घातला जातो. फॉन्डंट बेचव लागतो तो कुणाच्या हातगुणामुळे नव्हे. तो चवीसाठी घडवलेलाच नसतो.

येथे शाकाहारी कुटुंबांसाठी एक सूचना करणे अगत्याचे आहे. जिलेटिन प्राणिजन्य असते. तेव्हा तयार फॉन्डंट घेताना पाकिटावरील हिरवी खूण पाहावी. केक बाहेरून मागवत असाल, तर करणाऱ्या ताईंना तसे स्पष्ट विचारावे. शाकाहारी पर्याय सहज मिळतात आणि त्यामुळे सजावटीत काही उणे राहत नाही. पुण्याच्या प्राची धबल देब यांनी अंड्याचा वापर टाळून रॉयल आयसिंगच्या भव्य कलाकृती घडवल्या आहेत. साखरेच्या या कलेला शाकाहाराची अडचण होत नाही, याचे हे बोलके उदाहरण.

वय वाढते तसे काय बदलते?

‘वय झाले, आता तोंडाला चवच राहिली नाही’ हे वाक्य आपण घरोघरी ऐकतो. त्यातील ‘तोंड’ हा शब्द मात्र थोडा फसवा आहे. जिभेला कळतात त्या गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी अशा मोजक्याच चवी. आपण ज्याला पदार्थाची चव म्हणतो, तिचा मोठा वाटा नाकाचा असतो. घास चावताना त्यातील सुगंध घशाच्या मागच्या बाजूने नाकात चढतो आणि तेव्हा कुठे आपल्याला वेलदोडा, केशर, आंबा यांची ओळख पटते.

याची प्रचीती घरीच घेता येईल. चिमूटभर साखरेत थोडी वेलदोड्याची पूड मिसळा. नाक चिमटीत धरून ती जिभेवर ठेवा. केवळ गोड लागेल. आता नाक सोडा. क्षणार्धात वेलदोडा तोंडभर दरवळेल. साखर तीच, जीभही तीच. फरक पडतो तो नाकामुळे.

वयोमानाने अधिक मंदावते ती हीच घ्राणशक्ती. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या रिचर्ड डोटी आणि सहकाऱ्यांनी ५ ते ९९ वर्षे वयाच्या १,९५५ व्यक्तींची वास ओळखण्याची चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष १९८४ साली प्रसिद्ध झाले. ६५ ते ८० या वयोगटातील निम्म्याहून अधिक आणि ८० वर्षांवरील तीन चतुर्थांशांहून अधिक व्यक्तींची वास घेण्याची क्षमता बरीच घटलेली आढळली. गोडी ओळखण्याची जिभेची शक्ती मात्र त्या मानाने बरीच टिकून राहते.

आता हे दोन धागे एकत्र आणून पाहा. ज्येष्ठांना गोडी अजून चांगली कळते, सुगंध मात्र कमी जाणवतो. फॉन्डंटमध्ये गोडी ओतप्रोत असते आणि सुगंध जवळजवळ नसतोच. म्हणजे त्यांना जे पुरेसे जाणवते तेच आपण वाढत राहतो, आणि जे अधिक द्यायला हवे ते मुळीच देत नाही. चव सुधारण्याचे सूत्र येथेच हाती लागते. साखर कमी करावी, सुगंध वाढवावा आणि त्या सुगंधाला थोडी आंबट, खारट, तिखट साथ द्यावी.

हलव्याच्या दाण्याचा धडा

हे सूत्र आपल्या परंपरेला नवे नाही. साखरेची सजावट महाराष्ट्राने केकच्या कितीतरी आधीपासून केली आहे. संक्रांतीला नववधूला आणि बोरनहाणाच्या बाळाला हलव्याचे दागिने घालतात, पाडव्याच्या गुढीला साखरेच्या गाठीची माळ घालतात, लग्नाच्या रुखवतात तर खाद्यपदार्थांचीच आरास मांडतात.

यातील हलव्याचा दाणा निरखून पाहण्यासारखा आहे. त्याचे पांढरे काटे म्हणजे निव्वळ साखर. परंतु ती साखर तिळावर, खसखशीवर, बडीशेपेवर किंवा लवंगेवर चढवलेली असते. साखरेचा थर दातांखाली फुटतो आणि आतल्या तिळाचा किंवा लवंगेचा स्वाद मोकळा होतो. बाहेरची साखर शोभेसाठी, चव आतल्या दाण्याची. केकवरच्या फॉन्डंटचीही अशीच विभागणी करता येते. शोभेचे काम त्याच्याकडे राहू द्यावे, चवीचे काम त्याखालच्या थराकडे आणि त्यात मळलेल्या सुगंधाकडे सोपवावे.

पहिला उपाय : आवरण पातळ लाटा

सर्वांत सोपा उपाय लाटण्याचा आहे. २० सेंटिमीटर व्यासाचा आणि १० सेंटिमीटर उंचीचा केक घेतला, तर त्याचा वरचा भाग आणि कडा मिळून सुमारे ९४० चौरस सेंटिमीटर जागा झाकावी लागते. आवरण ४ मिलिमीटर जाड असेल, तर केकवर अंदाजे सव्वापाचशे ग्रॅम फॉन्डंट बसतो. २ मिलिमीटर असेल, तर सुमारे २६० ग्रॅम पुरतो. केकचे २० तुकडे केले, तर जाड आवरणात प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे २६ ग्रॅम फॉन्डंट येतो आणि पातळ आवरणात १३ ग्रॅम. यातील बहुतांश भाग साखरच असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार, वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी आणि ती ५ टक्क्यांच्या आत राहिली तर अधिक हितावह. दिवसाला २,००० कॅलरी घेणाऱ्या व्यक्तीसाठी ५ टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम साखर. ज्येष्ठांची ऊर्जेची गरज बहुधा याहून कमीच असते. जाड थराच्या एका तुकड्यात केवळ आवरणापोटी हा वाटा जवळपास संपून जातो. आतला केक तर अजून मोजलेलाच नाही.

पातळ पोळी फाटू नये म्हणून फॉन्डंट आधी हाताच्या उबेने चांगला मळून मऊ करावा. ओट्यावर कॉर्नफ्लोअर हलकेच भुरभुरवून किंवा दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये ठेवून तो लाटावा. आणखी एक मार्ग आहे. केक पूर्ण झाकण्याऐवजी फॉन्डंटची केवळ फुले, नाव आणि एखादी आकृती करावी, बाकी केक बटरक्रीम किंवा चॉकलेटने लिंपावा. छायाचित्रात शोभा तितकीच दिसते आणि ताटलीत साखर खूपच कमी येते.

दुसरा उपाय : खालचा थर चवदार करा

फॉन्डंटखाली काहीतरी चिकट थर द्यावाच लागतो. चवीची खरी संधी तेथे आहे. फेटलेली क्रीम येथे चालत नाही. तिच्यातील पाणी साखर ओढून घेते आणि आवरण ओघळू लागते. घट्ट बटरक्रीम, आटवलेला जॅम किंवा गनाश हे पर्याय चांगले. गनाशसाठी ३०० ग्रॅम डार्क चॉकलेटचे बारीक तुकडे करून त्यावर १५० ग्रॅम गरम क्रीम ओतावी, दोन मिनिटांनी ढवळून एकजीव करावी आणि निवून घट्ट झाल्यावर केकला लिंपावी. चॉकलेटचा किंचित कडवटपणा वरच्या साखरेची गोडी आवरून धरतो. लिंबाचा किंवा आवळ्याचा घट्ट जॅम आंबटपणामुळे हेच काम करतो.

तिसरा उपाय : सुगंध मळून घ्या

बाजारातून आणलेल्या अर्धा किलो पांढऱ्या फॉन्डंटमध्ये पुढीलपैकी एखादी जोडी मळता येते. येथे चमचा म्हणजे चहाचा सपाट चमचा समजावा.

वेलदोडा व केशर : वस्त्रगाळ वेलदोडा पूड अर्धा चमचा आणि केशराच्या १५ ते २० काड्या अर्धा चमचा कोमट गुलाबपाण्यात खलून. रंगही मंद पिवळा येतो, वेगळा घालावा लागत नाही.

सुंठ व लिंबू : चाळलेली सुंठ पूड पाऊण चमचा आणि एका लिंबाची पिवळी साल अगदी बारीक किसून. सालीखालचा पांढरा भाग कडू असतो, तो येऊ देऊ नये.

दूध व जायफळ : दुधाची पावडर पाच चमचे आणि जायफळाची चिमूटभर पूड. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर उभे राहून धारोष्ण दूध प्यायलेल्या पिढीला ही जोडी जवळची वाटेल.

कोको व कॉफी : कोको पावडर २५ ग्रॅम, इन्स्टंट कॉफी अर्धा चमचा काही थेंब गरम पाण्यात विरघळवून आणि बिनमिठाचे लोणी एक चमचा.

जोडी कोणतीही निवडा, तिच्यात पाव चमच्याहून थोडे कमी बारीक मीठ अवश्य घाला. वीस जणांत वाटले गेल्यावर ते नगण्य उरते, पण गोडीचा बोजड एकसुरीपणा त्याने मोडतो. अर्धा चमचा लोणी किंवा तूपही घालावे. अनेक सुगंधी द्रव्ये स्निग्धतेत चांगली मुरतात आणि तोंडात अधिक काळ रेंगाळतात. कणीक चिकट झाली, तर थोडी आयसिंग शुगर लावून मळावी. कोरडी होऊन तडकू लागली, तर ग्लिसरीनचे दोन थेंब पुरतात. शेवटी गोळा हवाबंद गुंडाळून रात्रभर ठेवावा, म्हणजे सुगंध सर्वत्र सारखा मुरतो.

सुंठ, लवंग, मिरी, पुदिना यांचा येथे विशेष उल्लेख केला पाहिजे. त्यांचा चटका आणि गारवा आपल्याला वासाच्या मज्जातंतूमुळे नव्हे, तर चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या एका निराळ्या मज्जातंतूमुळे जाणवतो. त्यामुळे वास मंदावलेल्या व्यक्तीलाही त्यांची चाहूल लागते. तांबड्या रश्श्यावर पोसलेल्या कोल्हापुरी जिभेला सुंठीचा हलका झणका परका वाटणार नाही. मात्र ज्यांना आम्लपित्ताचा किंवा तोंड येण्याचा त्रास आहे, त्यांच्यासाठी वेलदोडा-केशर बरे.

वास कमी येतो म्हणून बाटलीतला इसेन्स दुप्पट ओतणे हा मात्र उपाय नव्हे. त्याने पदार्थ कडवट आणि औषधी लागतो. रंगांचेही तसेच. गडद लाल आणि काळा रंग आणण्यासाठी इतका रंग घालावा लागतो, की त्याची कडू चव जाणवू लागते. काळा किंवा तपकिरी रंग हवा असेल, तर कोको घातलेल्या फॉन्डंटपासून सुरुवात करावी. साजाचे सोनेरी पान किंवा तांबडी माती दाखवायला फिकट छटाही पुरतात.

चौथा उपाय : काजूची चादर

फॉन्डंटची जागाच दुसऱ्या कशाला तरी द्यायची झाली, तर उत्तर जवळच आहे. इंग्लंडमध्ये फळांच्या केकवर साखरेच्या आवरणाखाली बदामाच्या लगद्याचा थर देण्याची जुनी रीत आहे. त्या लगद्याला मार्झिपान म्हणतात. गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबांनी नाताळच्या फराळासाठी हेच मार्झिपान काजूचे केले. कोल्हापूर जिल्ह्यातील आजरा आणि चंदगड हे तालुके तर काजूसाठी प्रसिद्ध आहेत. आपली काजूकतली ही या मार्झिपानची सख्खी बहीणच म्हणायची.

२५० ग्रॅम काजू थांबून थांबून बारीक दळावेत. सलग दळल्यास तेल सुटते. १२५ ग्रॅम साखर आणि ६० मिलिलिटर पाणी यांचा एकतारी पाक करावा, त्यात काजूची पूड आणि एक चमचा तूप घालून मंद आचेवर गोळा होईपर्यंत परतावे. कोमट असतानाच मळून, दोन बटर पेपरांमध्ये दोन ते अडीच मिलिमीटर जाडीची पोळी लाटावी. अखंड पोळी केकवर टाकण्याऐवजी वरची चकती आणि कडेची पट्टी वेगवेगळी कापून लावली, तर नवख्यालाही जमते. वर सांगितलेल्या मापाच्या केकला एवढे मिश्रण पुरते.

फॉन्डंटमध्ये जवळजवळ सगळी साखर असते, काजूच्या या चादरीत सुमारे एक तृतीयांश. ती मऊ असते, दातांना फारशी चिकटत नाही आणि तिला स्वतःची चव असते. एवढे ध्यानात ठेवावे, की येथे साखर कमी झाली तरी कॅलरी कमी होत नाहीत. काजूतील स्निग्धांश त्या भरून काढतो. पाहुण्यांपैकी कुणाला सुक्या मेव्याची ॲलर्जी असेल, तर हा पर्याय टाळावा आणि केकमध्ये काजू आहेत हे सर्वांना आधी सांगावे.

गुळाबद्दल दोन शब्द

कोल्हापुरात गुळाची आठवण होणे स्वाभाविक आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवली आणि गुळाच्या व्यापाराने ती नावारूपाला आली. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. मग साखरेऐवजी गुळाचा फॉन्डंट का करू नये?

चवीच्या दृष्टीने गुळाला तोड नाही. त्यात उसाच्या रसाचा आणि आटण्याचा असा स्वतःचा दरवळ असतो. परंतु गूळ हवेतील ओलावा ओढून घेतो, त्यामुळे नुसत्या गुळाचे आवरण टिकत नाही. घरी फॉन्डंट करत असाल, तर लिक्विड ग्लुकोजचा चौथा हिस्सा काढून तेवढी काकवी घाला. रंग बदामी येतो, सुंठीशी तिची गट्टी जमते आणि गुऱ्हाळाची आठवण तोंडात उतरते. मात्र गूळ किंवा काकवी मधुमेहाला चालते, ही समजूत सोडून द्यावी. गुळाचाही बहुतांश भाग साखरच असतो आणि रक्तातील साखर तो वाढवतोच.

हवामानाचाही विचार करावा. कोल्हापूरच्या पावसाळी दमटपणात फॉन्डंट पाझरतो, तर चैत्र-वैशाखाच्या उन्हात चॉकलेट मऊ पडते. फ्रिजमधला केक बाहेर काढल्यावर तो पुठ्ठ्याच्या बंद खोक्यातच खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा, म्हणजे दव आवरणावर न धरता खोक्यावर धरते.

सत्कारमूर्तींच्या ताटलीत वाढताना

चव कितीही सुधारली, तरी काही पथ्ये पाळावीच लागतात.

मधुमेह असेल, तर केकचा छोटा तुकडा जेवणाचा एक भाग म्हणून, भाताचा किंवा इतर गोडाचा वाटा कमी करून घ्यावा. ‘संध्याकाळी केक खायचा आहे’ म्हणून दुपारचे जेवण टाळणे धोक्याचे आहे. इन्सुलिन किंवा काही गोळ्या चालू असताना जेवण चुकले, तर साखर एकदम खाली जाऊ शकते. औषधाची मात्राही मनाने बदलू नये. ‘शुगर फ्री’ लिहिलेल्या आवरणातही पिष्टमय पदार्थ असू शकतात, आणि त्यात वापरलेली काही गोड द्रव्ये अधिक प्रमाणात गेल्यास पोट फुगते, जुलाब होतात.

भरवण्याचा मान सर्वांना हवा असतो. दहा जणांनी दहा घास भरवण्याऐवजी एकाने एक घास भरवावा, बाकीच्यांनी नमस्कार करून आशीर्वाद घ्यावा. यात कुणाचाही मान कमी होत नाही आणि ज्येष्ठांना ‘पुरे’ म्हणण्याचा संकोच उरत नाही.

तोंड कोरडे पडत असेल, तर केकपूर्वी दोन घोट पाणी द्यावे. रक्तदाब, नैराश्य, ॲलर्जी यांवरील काही औषधांमुळे असा कोरडेपणा येतो. कवळी असेल, तर आवरण काढूनच घास द्यावा आणि नंतर कवळी काढून धुवावी, कारण तिच्याखाली अडकलेली साखर हिरड्यांना आणि उरलेल्या दातांना बाधते.

पाणी पिताना ठसका लागणे, जेवल्यावर आवाज घोगरा होणे, घास तोंडातच साठून राहणे ही गिळण्याच्या अडचणीची लक्षणे आहेत. अशा व्यक्तीला चिकट फॉन्डंट आणि भुसभुशीत केक देऊ नये. अर्धांगवायू, पार्किन्सन किंवा विस्मरणाच्या विकारात याची विशेष काळजी घ्यावी आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या घट्टपणाची खीर किंवा कस्टर्ड त्याच वेलदोडा-केशराच्या सुगंधात केले, तर इतरांच्या केकचा दरवळ त्यांच्या वाटीतही पोहोचतो. सोहळ्यात त्यांचा वाटा राहतो आणि जिवाला धोकाही होत नाही.

केक कापण्यापूर्वी त्यातील तारा, टूथपिक, काड्या, कडक मोती आणि वाळून टणक झालेल्या आकृत्या मोजून काढाव्यात. हे काम एकाच जबाबदार व्यक्तीकडे द्यावे. दृष्टी कमी झालेल्या ज्येष्ठांना मोती आणि साखरेचा दाणा यांतला फरक ताटलीत कळत नाही.

शेवटी एक सूचना. चव किंवा वास हळूहळू मंदावणे वयोमानानुसार होते, पण तो एकाएकी नाहीसा झाला, अन्नावरची वासना उडाली किंवा वजन घटू लागले, तर ‘वयामुळे असेल’ म्हणून सोडून न देता तपासणी करून घ्यावी.

केक मागवताना आपण वजन, आकार, रंग आणि वर लिहायचे नाव इतके तपशिलाने सांगतो. त्या यादीत आणखी तीन गोष्टी लिहून द्या : आवरण २ मिलिमीटरचे, खालचा थर गनाशचा किंवा काजूचा, आणि सुगंध अमुक. हा ‘अमुक’ मात्र आपण ठरवू नये. आजींना किंवा आजोबांनाच विचारावा. कुणी केशर सांगेल, कुणी सुंठ, कुणी गुऱ्हाळावरची काकवी. ज्यांचा सोहळा आहे, त्यांच्या आवडीचा वास त्यांच्या घासात असावा, एवढे त्यांच्यासाठी आपण नक्कीच करू शकतो.